फ्लूच्या साथीत रुग्णालयाची राखण

फ्लूचा विषाणू रुग्णालयात तीन वाटांनी शिरतो. तपासायला आलेला रुग्ण तो घेऊन येतो, रुग्णासोबतचे नातेवाईक आणतात आणि घरून ड्युटीवर येणारा कर्मचारीही आणतो. यातली एकही वाट पूर्ण बंद करता येत नाही. आजाऱ्याला दारातून परत पाठवणे रुग्णालयाला शक्यच नसते. म्हणून साथीच्या काळात तिथली सारी व्यवस्था एकाच प्रश्नाभोवती उभी राहते : आत आलेला विषाणू एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या नाकापर्यंत जाण्याआधी त्याला कुठे कुठे अडवायचे?

सोलापुरात हा प्रश्न सर्वांत जास्त भिडतो तो श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला, म्हणजे सारे शहर ज्याला नुसते ‘सिव्हिल’ म्हणते त्याला. १९६३ साली स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय. जिल्ह्यातले रुग्ण इथे येतातच, शिवाय धाराशिवकडून आणि कर्नाटकातल्या विजयपुरा, कलबुर्गी भागातूनही येतात. ओपीडीच्या एकाच रांगेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी कानावर पडते. यंत्रमागावर धाग्यांच्या तुसात वर्षे काढलेले कामगार आणि घरी तंबाखू भरून विड्या वळणाऱ्या बायका या शहरात मोठ्या संख्येने आहेत. जुना खोकला आणि दमा यांचे रुग्ण इथे बाराही महिने असतात. त्यातून फ्लूचा खोकला वेगळा काढणे हेच पहिले अवघड काम. महाराष्ट्रात फ्लू वर्षातून साधारण दोनदा डोके वर काढतो, एकदा जानेवारी ते मार्चच्या सुमारास आणि पुन्हा पावसाळ्यात. सोलापुरात पहिल्या काळाच्या तोंडावर संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तर दुसऱ्याच्या तोंडावर आषाढीला लाखो वारकरी याच जिल्ह्यात, पंढरपुरात जमतात. गर्दीचे दिवस आणि फ्लूचे दिवस इथे शेजारी शेजारी येतात.

विषाणूचा स्वभाव कळला, की रुग्णालयातला प्रत्येक नियम का आहे ते कळते. संसर्ग झाल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणे दिसू लागतात. पण ताप चढायच्या एक दिवस आधीपासूनच माणूस विषाणू बाहेर टाकू लागलेला असतो आणि पुढे पाच ते सात दिवस टाकत राहतो. लहान मुले आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण त्याहूनही जास्त दिवस संसर्ग पसरवतात. खोकला, शिंक आणि साधे बोलणे यांतून थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब साधारण एक मीटरच्या आत खाली बसतात, बारीक कण मात्र कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. खाटेचा दांडा, दाराची मूठ, सलाईनचा स्टँड अशा गुळगुळीत पृष्ठभागांवर हा विषाणू २४ ते ४८ तास तग धरू शकतो, तर कापड आणि कागदावर ८ ते १२ तास. हातावर तो काही मिनिटेच टिकतो, पण तेवढ्या वेळात हात नाकाडोळ्यांकडे गेलेला असतो. त्याची मोठी दुबळी बाजू म्हणजे त्याचे बाहेरचे आवरण. ते स्निग्ध पदार्थाचे असते, त्यामुळे साबण, अल्कोहोल आणि ब्लीच यांच्यापुढे टिकत नाही. कोट्यवधींची यंत्रसामग्री असलेल्या रुग्णालयातही फ्लूविरुद्धचे पहिले हत्यार साबणाची वडी असते, ते यामुळेच.

हे सारे ज्ञान फार जुने नाही. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत आला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, कितीतरी अधिक घातक लाट उसळली आणि रेल्वेच्या रुळांवरून ती देशाच्या आतल्या भागात पोहोचली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. त्या वेळच्या डॉक्टरांना आपण कोणाशी लढतो आहोत हेच ठाऊक नव्हते. माणसातला फ्लूचा विषाणू प्रथम वेगळा काढला गेला तो १९३३ साली.

आजच्या पद्धतीवर खरी छाप आहे ती २००९ ची. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी नव्या एच१एन१ फ्लूची जागतिक साथ जाहीर केली. लोकांच्या तोंडी त्याचे नाव स्वाइन फ्लू. ३ ऑगस्टला पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतला तो देशातला पहिला मृत्यू. त्यानंतर पुण्याच्या डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लांबच लांब रांगा लागल्या. खरेच फ्लू झालेले, नुसती सर्दी असलेले आणि केवळ धास्तावलेले असे सगळे एकाच रांगेत तासन् तास उभे होते. रांगेत निरोगी येऊन आजारी होऊन जाण्याची पुरेपूर शक्यता होती. तपासणीची जागा हीच संसर्गाची जागा होऊ शकते, हा त्या ऑगस्टचा सर्वांत महत्त्वाचा धडा, आणि तो फार मोठी किंमत मोजून मिळाला. त्या आठवड्यांतच तपासणी केंद्रे वाढवावी लागली, खासगी रुग्णालयांना सामावून घ्यावे लागले आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी आणली.

ही वर्गवारी आजही फ्लूच्या ओपीडीचा कणा आहे. सौम्य ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी असलेला रुग्ण ‘अ’ गटात येतो. त्याची फ्लूची चाचणी करायची नाही, ऑसेल्टामिवीर या फ्लूविरोधी औषधाच्या गोळ्याही द्यायच्या नाहीत. लक्षणांपुरते औषध देऊन त्याला घरी पाठवायचे आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. ताप जास्त आणि घसा फार दुखत असेल तर रुग्ण ‘ब’ गटात जातो. गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुले, पासष्टीच्या पुढचे वृद्ध आणि मधुमेह, हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा यकृताचे आजार असलेले रुग्ण लक्षणे सौम्य असली तरी याच गटात मोडतात. त्यांना ऑसेल्टामिवीर सुरू करून घरीच वेगळे राहायला सांगतात. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब घसरणे, थुंकीतून रक्त पडणे, नखे निळी पडणे, किंवा लहान मुलाने दूध-पाणी सोडणे, यांपैकी काहीही दिसले की तो ‘क’ गट. अशा रुग्णाला ताबडतोब दाखल करायचे, स्वॅब घ्यायचा आणि अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करायचे, कारण पहिल्या ४८ तासांत सुरू केलेल्या औषधाचा गुण सर्वांत चांगला येतो.

‘अ’ गटातल्या माणसाला घरी पाठवणे नातेवाइकांना अनेकदा हेळसांड वाटते. “एवढ्या लांबून आणलंय, निदान टेस्ट तरी करा,” हे वाक्य प्रत्येक ओपीडीत दिवसातून अनेकदा ऐकू येते. त्यात काळजी असते, रागही असतो. पण बरे होऊ घातलेल्या माणसाला फ्लूच्या वॉर्डाबाहेर ठेवणे हेच त्याच्या हिताचे असते आणि मोकळी राहिलेली खाट धाप लागलेल्या रुग्णाच्या कामी येते. हे दोन मिनिटे थांबून, रुग्णाच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस दारात असणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा. सोलापुरात त्यासाठी कन्नड आणि तेलुगू बोलणारे कोणी तरी हाताशी लागते. फक्त मराठीत लिहिलेला फलक इथे निम्मेच काम करतो.

दारातली रचना साधी असते, पण ती रोज पाळावी लागते. साथ सुरू झाली की ताप-खोकल्याचे रुग्ण केसपेपरच्या मुख्य खिडकीपर्यंत जाऊच नयेत अशी सोय करतात. प्रवेशापाशीच एक टेबल असते. तिथला कर्मचारी ताप, खोकला, धाप एवढेच विचारतो, हो म्हणणाऱ्याला लगेच मास्क देतो आणि वेगळ्या फ्लू ओपीडीकडे वळवतो. ही ओपीडी शक्यतो उघड्या व्हरांड्यात किंवा मांडवात, वाहत्या वाऱ्याच्या जागी भरवतात. बसायच्या जागा एक मीटरहून जास्त अंतरावर, केसपेपर तिथेच आणि औषधेही तिथेच. खोकणाऱ्या माणसाला रुग्णालयभर चकरा मारायला लावणारी व्यवस्था कितीही नीटनेटकी दिसली तरी साथीत ती घातकच. खोकणाऱ्याच्या तोंडावर बांधलेला एक साधा सर्जिकल मास्क त्याच्या भोवतीच्या सगळ्यांना वाचवतो, म्हणून मास्क आधी रुग्णाला द्यायचा असतो.

स्वॅब घेण्याचे काम दिसायला क्षणाचे, पण धोक्याचे असते. तो घेताना रुग्णाला हमखास ठसका लागतो आणि घेणाऱ्याचा चेहरा हातभर अंतरावर असतो. म्हणून तंत्रज्ञ समोर उभा न राहता थोडा बाजूला राहतो. एन९५ मास्क, चष्मा किंवा फेस शील्ड, गाऊन आणि हातमोजे त्याने घातलेले असतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरची बारीक काडी नाकपुडीतून सरळ मागे, कानाच्या पाळीच्या दिशेने सरकवली जाते. काही सेकंद ठेवून, हलकेच फिरवून ती बाहेर काढतात आणि गुलाबी द्रवाच्या नळीत मोडून टाकतात. कापसाची, लाकडी दांडीची काडी चालत नाही, कारण ती चाचणीत अडथळा आणते. नळी बंद करून, नाव-क्रमांक लिहून तीन थरांच्या पेटीत २ ते ८ अंश तापमानात ठेवतात. २००९ मध्ये सोलापूरसारख्या ठिकाणाहून असे नमुने अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जात आणि अहवाल येईपर्यंत रुग्ण व डॉक्टर दोघेही ताटकळत. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्याचा मोठा फायदा आता फ्लूच्या निदानाला होतो. अहवाल लवकर आला की संशयित आणि बाधित रुग्ण वेगळे करता येतात, आणि ते वेगळे ठेवलेच पाहिजेत. न्यूमोनियाचा पण फ्लू नसलेला रुग्ण फ्लूच्या वॉर्डात अडकला तर उपचारासाठी आलेल्या जागीच त्याला दुसरा आजार जडतो.

विलगीकरणाची आदर्श खोली म्हणजे एका रुग्णासाठी एक खोली, स्वतंत्र शौचालय, आणि आतली हवा व्हरांड्यात न येता बाहेर जाईल असा ऋण दाब. सरकारी रुग्णालयात अशा खोल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे एकाच विषाणूची बाधा सिद्ध झालेले रुग्ण एका वॉर्डात एकत्र ठेवतात आणि खाटांमध्ये किमान एक मीटर अंतर राखतात. मग प्रश्न उरतो हवेचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नैसर्गिक वायुवीजनाची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत साध्या वॉर्डासाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर आणि हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या खोल्यांसाठी १६० लिटर ताजी हवा धरली आहे. ऐकायला हे प्रचंड वाटते. पण उंच छत आणि समोरासमोर खिडक्या असलेल्या जुन्या पद्धतीच्या वॉर्डात, खिडक्या उघड्या असतील तर, एवढी हवा खेळते. नव्या, काचा लावून बंद केलेल्या एसी खोलीत ती यंत्राने खेळवल्याशिवाय मिळत नाही. जुन्या दगडी इमारतींना पाडण्याजोग्या म्हणताना याचा विचार व्हायला हवा.

खिडक्या उघड्या ठेवणे मात्र सांगण्याइतके सोपे नसते. फ्लूचे दोन्ही हंगाम खिडक्या बंद करण्याचेच असतात. जानेवारीच्या रात्री सोलापुरात चांगलीच थंडी पडते आणि पांघरूण अपुरे असलेला रुग्णच खिडकी लावून घेतो. पावसाळ्यात सरी आत येतात, आणि त्याच दिवसांत डेंग्यूही असल्याने डासांसाठी जाळ्या बसवाव्या लागतात. जाळीने वारा अडतो. यावर उपाय साधेच आहेत. जादा ब्लँकेट द्यायची, वरच्या झडपा उघड्या ठेवायच्या, खिडकीत बाहेर हवा फेकणारे एक्झॉस्ट पंखे लावायचे आणि सिस्टरचे टेबल वाऱ्याच्या दिशेला ठेवायचे, म्हणजे हवा आधी सिस्टरकडून येते आणि रुग्णांवरून बाहेर जाते. टेबल कुठे ठेवले यावर रात्रभर तिथे बसणाऱ्या माणसाची प्रकृती अवलंबून असते.

कर्मचाऱ्यांसाठी मास्क दोन प्रकारचे. नेहमीच्या देखभालीसाठी, म्हणजे गोळ्या देणे, ताप पाहणे यासाठी सर्जिकल मास्क चालतो. श्वासनलिकेत नळी घालणे, सक्शन, ब्रॉन्कोस्कोपी, हृदय बंद पडल्यावरची धावपळ अशा कामांत हवेत बारीक कण उडतात. तिथे एन९५ हवाच. ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण तो अडवतो, पण चेहऱ्यावर घट्ट बसला तरच. घातल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, तळवे मास्कवर ठेवून जोरात उच्छ्वास सोडायचा. कडेने डोळ्यांकडे हवा आली तर पुन्हा बसवायचा. दाढी असेल तर मास्क आणि कातडी यांत फट राहते आणि महागडा एन९५ सर्जिकल मास्काच्या लायकीचा होतो. उन्हाळ्याच्या तोंडाला, चाळिशीच्या आसपासच्या तापमानात हा मास्क सलग काही तास घालणे म्हणजे काय, हे वॉर्डात काम केलेल्यालाच कळते. घामाने तो ओला होतो, नाकावर वळ उठतात, बोलणे ऐकू जात नाही. म्हणून ड्युटीच्या पाळ्या लहान ठेवणे आणि पाणी प्यायला सुरक्षित जागा देणे ही चैन नव्हे. थकलेला माणूस मास्क खाली ओढतो आणि संसर्ग तिथेच होतो.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या हे कवच उतरवताना. घालताना सगळे सावध असतात. उतरवताना ड्युटी संपलेली असते, घाई असते. क्रम ठरलेला आहे. आधी हातमोजे, एकाच्या आतून दुसरा असे उलटे करत. मग हात स्वच्छ. मग चष्मा किंवा शील्ड, मागच्या पट्ट्याला धरून. मग गाऊन, बाहेरची बाजू आत गुंडाळत. मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, फक्त पट्ट्यांना धरून. त्याच्या पुढच्या भागाला बोट लागता कामा नये. आणि पुन्हा हात स्वच्छ. नव्या निवासी डॉक्टरांकडून आणि परिचारिकांकडून हा क्रम आरशासमोर, दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली घोटून घेतात. हाच सराव वॉर्डातल्या मावशींकडून आणि मामांकडूनही करून घेतला पाहिजे. अनेक ठिकाणी तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि खाट पुसणे, बेडपॅन उचलणे, चादर बदलणे ही रुग्णाच्या सर्वांत जवळची कामे तर तेच करतात.

हात धुण्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने पाच क्षण सांगितले आहेत : रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, शरीरातल्या द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. हात मळलेले दिसत असतील तर साबण आणि पाणी, ४० ते ६० सेकंद. एरवी अल्कोहोलचे द्रावण, २० ते ३० सेकंद. पन्नास खाटांच्या वॉर्डात एका कोपऱ्यात एकच बेसिन असेल तर कितीही तक्ते लावले तरी हे पाळले जात नाही. म्हणून प्रत्येक खाटेच्या पायाशी सॅनिटायझरची बाटली अडकवतात आणि ती रिकामी होण्याआधी भरण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर टाकतात. मोबाइल हा हातांचा शत्रू आहे. तो वॉर्डात न नेणे उत्तम, न्यावाच लागला तर अल्कोहोलने पुसणे. रुग्णाची कागदपत्रेही खोलीत न नेता बाहेर ठेवतात आणि नोंदी बाहेर येऊन लिहितात.

स्वच्छतेत एक जुनी सवय मोडावी लागते, ती म्हणजे कोरडा झाडू. झाडूने खाली बसलेले कण पुन्हा हवेत उठतात, म्हणून वॉर्डात ओला पोछाच मारतात. मळके पाणी, स्वच्छ पाणी आणि जंतुनाशक अशा तीन बादल्या असतात, आणि पुसत जाण्याची दिशा स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे. जमीन आणि खाटांसाठी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट, धातूच्या आणि यंत्रांच्या भागांसाठी ७० टक्के अल्कोहोल. हायपोक्लोराइटचे द्रावण रोज ताजे बनवावे लागते, कारण शिळ्या द्रावणाचा जोर उतरतो. ते ॲसिडमध्ये मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि सफाई करणाऱ्याचीच छाती भरते. वापरलेले मास्क पिवळ्या पिशवीत आणि हातमोजे लाल पिशवीत जातात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीतला कचरा जाळला जातो. चादरी झटकायच्या नाहीत, गुंडाळून थेट पिशवीत घालायच्या आणि गरम पाण्यात धुवायच्या.

काही वॉर्डांभोवती वेगळी भिंतच उभी करावी लागते. नवजात अर्भकांचा कक्ष, डायलिसिस, कर्करुग्ण, आयसीयू आणि बाळंतपणाचा वॉर्ड इथे फ्लू शिरला तर तो सौम्य राहत नाही. २००९ च्या साथीत गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फार धोका असतो हे स्पष्ट दिसले. म्हणून फ्लूच्या वॉर्डातले डॉक्टर आणि परिचारिका त्याच पाळीत या वॉर्डांत काम करणार नाहीत, अशी स्वतंत्र तुकडी नेमतात. डायलिसिसचा रुग्ण बाधित असला तरी त्याचे डायलिसिस टाळता येत नाही. त्याला दिवसाच्या शेवटच्या पाळीत, वेगळ्या मशीनवर घेतात आणि नंतर ती जागा पूर्ण पुसून काढतात. बाळंतिणीला फ्लू झाला असेल तरी बाळाचे दूध तोडत नाहीत. आईने मास्क लावून, हात आणि स्तन स्वच्छ करून पाजायचे. फारच आजारी असेल तर दूध काढून निरोगी नातेवाइकाने वाटी-चमच्याने भरवायचे. दम्याच्या रुग्णाला वाफेचे मशीन लावण्याऐवजी शक्य तिथे स्पेसरला जोडलेला पंप देतात, म्हणजे कण कमी उडतात. व्हेंटिलेटरच्या उच्छ्वासाच्या नळीवर गाळणी बसवतात आणि सक्शन बंद पद्धतीने करतात.

नातेवाइकांचा प्रश्न नियमांनी सुटत नाही. आपल्याकडे रुग्ण एकटा दाखल होत नाही, घर दाखल होते. गावाकडून आलेली माणसे आवारातच मुक्काम करतात, डबा आणतात, रात्री खाटेखाली झोपतात. परिचारिका अपुऱ्या असलेल्या ठिकाणी रुग्णाला उठवणे-बसवणे, पाणी देणे ही कामे नातेवाईकच करतात, हे मान्य करूनच नियम आखावे लागतात. एका रुग्णाजवळ एकच नातेवाईक, शक्यतो तोच रोज. तो मधुमेही, गरोदर किंवा म्हातारा नको. त्याला मास्क आणि हात धुण्याचे शिक्षण. लहान मुलांना आत आणायचे नाही. बाकीच्यांसाठी दिवसातून ठरलेल्या वेळी डॉक्टर बाहेर येऊन प्रकृती सांगतील अशी सोय झाली की दारावरची रेटारेटी आपोआप कमी होते. माहिती मिळत नाही म्हणून माणूस वॉर्डात घुसतो; सुरक्षारक्षक वाढवून ते थांबत नाही.

आता कर्मचारी स्वतः. साथीच्या काळात प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ताप, खोकला, घसा यांची विचारणा होते आणि लक्षणे असलेल्याला घरी पाठवतात. औषधाविना ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय तो परत येत नाही; अतिजोखमीच्या वॉर्डात काम करणारा असेल तर सात दिवस. नियम चांगला आहे, पण त्याची परीक्षा पगारपत्रकावर होते. कायम नोकरीतल्या डॉक्टरला आजारपणाची रजा मिळते. कंत्राटावरच्या सफाई कामगाराची हजेरी बुडाली की मजुरी बुडते, म्हणून तो ताप लपवून येतो. त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. साथीपुरती तरी सर्वांना भरपगारी आजाररजा देणारे रुग्णालय आपल्या रुग्णांनाच सुरक्षित करत असते. गरोदर कर्मचाऱ्यांना आणि गंभीर आजार असलेल्यांना फ्लूच्या वॉर्डाबाहेर काम देतात. मास्क नसताना बाधिताच्या जवळून संपर्कात आलेल्या जोखमीच्या कर्मचाऱ्याला ऑसेल्टामिवीरची ७५ मिलिग्रॅमची गोळी प्रतिबंध म्हणून रोज एक, शेवटच्या संपर्कानंतर दहा दिवस देण्याची पद्धत आहे. उपचारासाठी तीच गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. या औषधाला विषाणूने दाद न देण्याची वेळ येऊ नये म्हणून ते सरसकट वाटत नाहीत.

फ्लूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लशीतले घटक ठरवते. लस विषाणूशी चांगली जुळली तर ती आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते आणि गंभीर आजारापासून जास्त जपते. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. २०१५ आणि २०१७ मध्ये राज्यात स्वाइन फ्लूने शेकडो बळी घेतले. त्या काळात महाराष्ट्राने गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत देण्याचा कार्यक्रम राबवला. तरीही आरोग्य कर्मचाऱ्यांमध्येच लशीबद्दल उदासीनता आढळते. लस टोचून घेतल्यावर एक-दोन दिवस दंड दुखतो, अंग कणकणते, आणि ‘लशीनेच फ्लू झाला’ ही समजूत घट्ट होते. टोचायच्या लशीतला विषाणू मेलेला असतो; तो फ्लू आणू शकत नाही.

रुग्ण सुधारला की त्याला घरी सोडताना सूचना लिहून देतात. आजार सुरू झाल्यापासून सात दिवस, किंवा लक्षणे गेल्यानंतर २४ तास, यांतले जे लांब असेल तोवर वेगळे राहायचे. एकाच खोलीत सहा-सात माणसे झोपणाऱ्या घराला ‘वेगळ्या खोलीत राहा’ सांगण्यात अर्थ नसतो. तिथे रुग्णाने दाराशी, वाऱ्याच्या जागी झोपावे, मास्क लावावा, त्याचे ताट-पेला वेगळा ठेवावा, म्हाताऱ्या माणसांची आणि तान्ह्या बाळाची झोपायची जागा दूर करावी, असे जमेल ते सांगावे लागते. मृत्यू झाला तर देह हाताळणारे हातमोजे, गाऊन आणि मास्क घालतात, देह न गळणाऱ्या पिशवीत ठेवतात, पण घरच्यांना तोंड पाहू देतात. फ्लूत त्याला मनाई करण्याचे कारण नाही.

या सगळ्यावर देखरेख करते ती रुग्णालयाची संसर्ग नियंत्रण समिती, आणि रोजचे काम पाहते ती संसर्ग नियंत्रण परिचारिका. केंद्राने जानेवारी २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत या दोघांची कामे दिली आहेत. वॉर्डात कोण कोण आले-गेले याची नोंद, नव्याने आजारी पडलेल्या कर्मचाऱ्यांची यादी, मास्क व गोळ्यांचा साठा, रोजचे रुग्ण आणि मृत्यू यांचा तक्ता या परिचारिकेकडे असतो. एकाच वॉर्डात दाखल होऊन तीन-चार दिवस झालेल्या दोन-तीन रुग्णांना एकाच वेळी ताप आला, तर संसर्ग बाहेरून आलेला नसून आतच झाला असा तिचा पहिला संशय असतो, आणि त्या वॉर्डात नवे रुग्ण दाखल करणे थांबवण्याचा आग्रह तिने धरायचा असतो. खाटा अपुऱ्या असताना हा आग्रह धरायला धैर्य लागते आणि अधिष्ठात्यांचे पाठबळही. आकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण यंत्रणेमार्फत जिल्हा आणि राज्य पातळीवर जातात, आणि फ्लूच्या मृत्यूंचे डेथ ऑडिट होते. रुग्ण किती दिवस घरी थांबला, औषध कधी सुरू झाले, आधीच्या दवाखान्यातून पाठवायला उशीर झाला का, हे त्यात तपासतात. बऱ्याच मृत्यूंत उशीर सापडतो तो रुग्णालयात येण्याआधीचा. म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतल्या आणि गल्लीतल्या खासगी डॉक्टरांना ‘क’ गटाची लक्षणे आणि गोळ्या कुठे मिळतील हे साथीआधीच कळवतात. सोलापूर जिल्ह्यात हे काम एप्रिल-मे महिन्यांत, आषाढीच्या पालख्या निघण्याआधी उरकावे लागते. कर्मचाऱ्यांचे लसीकरण, मास्कचा साठा आणि मांडवाची जागाही याच दोन महिन्यांत ठरते.